मेणबत्तीवर चालणारी आगबोट

मेणबत्तीच्या आचेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या आगबोटीत पंखा नसतो, दट्ट्या नसतो, चाक नसते आणि झडपही नसते. पातळ पत्र्याची एक चपटी डबी किंवा तांब्याच्या नळीचे दोन-तीन वेढे, त्यांतून निघून बोटीच्या मागे पाण्याखाली उघडणाऱ्या दोन नळ्या आणि खाली पेटलेली वात, एवढाच तिचा संसार. नळ्यांत पाणी भरून वात पेटवली की थोड्याच वेळात बोट थरथरू लागते आणि टबात किंवा हौदात फेऱ्या मारू लागते. अशा पत्र्याच्या रंगीत बोटी जत्रेत खेळण्यांच्या दुकानांतून विकल्या जात. सेलवरच्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांनी त्यांना मागे सारले असले तरी त्या अजून मिळतात. विकतची बोट मात्र वर्गाच्या फारशा कामाची नाही. मुलांनी स्वतः केलेली बोट हेच विज्ञान आणि अभियांत्रिकी एकत्र शिकवण्याचे खरे साधन आहे, कारण ती करायला सोपी असली तरी समजायला सोपी नाही, आणि पहिल्या प्रयत्नात ती बहुधा चालतही नाही.

या बोटीचे वय सव्वाशे वर्षांहून अधिक आहे. टॉमस पियो याने १८९१ साली ब्रिटनमध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेतील चार्ल्स मॅकह्यू याने बाष्पकाला, म्हणजे पाणी तापणाऱ्या डबीला, वरून लवचीक पातळ पत्रा बसवण्याच्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला. आतला दाब वाढला की हा पत्रा बाहेर फुगतो, दाब उतरला की आत बसतो, आणि बोटीचा ओळखीचा फटफट आवाज त्यातूनच येतो. १९२० साली विल्यम पर्सेल याने डबीच्या जागी नळीचे वेटोळे वापरणारी रचना पुढे आणली. तिला पत्रा नसल्यामुळे ती जवळपास मुकी असते, पण करायला सर्वांत सोपी तीच. हायाओ मियाझाकी यांच्या २००८ सालच्या ‘पोन्यो’ या जपानी चित्रपटात अशी बोट दिसल्यावर नव्या पिढीला तिची पुन्हा ओळख झाली.

तत्त्व मात्र पियोच्याही खूप आधीचे आहे. इंग्लंडमध्ये टॉमस सेव्हरीने १६९८ साली खाणींतले पाणी उपसणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यात दट्ट्या नव्हता. एका भांड्यात वाफ भरायची आणि भांड्यावर गार पाणी ओतायचे. वाफेचे पाणी झाले की आतला दाब उतरे आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने खालचे पाणी भांड्यात चढे. मग पुन्हा वाफ सोडून ते पाणी वर ढकलायचे. खेळण्यातली बोट हेच करते, फक्त सेकंदाला अनेक वेळा आणि झडपा उघडणाऱ्या माणसाशिवाय. मागच्या बाजूने पाणी फेकून बोट पुढे नेण्याचा प्रयोगही तेवढाच गंभीरपणे झालेला आहे. अमेरिकेत जेम्स रम्सीने डिसेंबर १७८७ मध्ये पोटोमॅक नदीत वाफेच्या पंपाने पाणी आत घेऊन मागून बाहेर टाकणारी खरी बोट चालवून दाखवली होती. पुढे चाकांच्या आणि पंख्यांच्या बोटींनी बाजी मारली आणि रम्सी मागे पडला.

बोट चालताना नेमके काय घडते? सुरुवातीला वेटोळे आणि दोन्ही नळ्या पाण्याने भरलेल्या असतात. आच लागली की वेटोळ्यातल्या थोड्या पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची १०० अंश सेल्सिअसला वाफ झाली तर ती पाण्याच्या सुमारे १,६७० पट जागा मागते. ही वाफ नळ्यांतल्या पाण्याचा स्तंभ मागे ढकलते आणि पाणी जोराने बाहेर पडते. स्तंभाला वस्तुमान आहे, त्यामुळे जडत्वही आहे. दाब समतोलाला आला तरी तो तिथे थांबत नाही. झोपाळा मधल्या जागी न थांबता पुढे जातो तसा तो थोडा आणखी मागे सरकतो. त्याच्या मागोमाग वाफ नळीच्या गार भागात येते आणि तिचे पुन्हा पाणी होते. आतला दाब हवेच्या दाबाखाली जातो, बाहेरचे पाणी नळ्यांत परत शिरते, त्यातले थोडेसे तापलेल्या वेटोळ्यापर्यंत पोहोचते, पुन्हा वाफ होते आणि चक्र चालू राहते. वाफ स्प्रिंगचे काम करते आणि पाण्याचा स्तंभ त्या स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचे. अकरावी-बारावीच्या पुस्तकात दोलन म्हणून येणारा विषय इथे आठवीतल्या मुलाच्या टबात चाललेला असतो.

प्रत्येक ठोक्याला किती पाण्याची वाफ होते, हे काढायला लावले तर मुले चकित होतात. नळीच्या आतला व्यास २ मिलिमीटर आणि तापणारी लांबी १० सेंटीमीटर धरली, तर आतली जागा ०.३ मिलिलिटरच्या आसपास येते. पाण्याच्या एका थेंबाचे आकारमान साधारण ०.०५ मिलिलिटर. तो पूर्ण वाफेत गेला तर ८० मिलिलिटरहून अधिक वाफ होईल, म्हणजे वेटोळ्याच्या अडीचशे पटींहून जास्त. वेटोळे एकदा वाफेने भरायला थेंबाचा अडीचशेवा हिस्साही पुरतो. या हिशेबाने वाफेची ताकद समजतेच, शिवाय बाष्पकाचे तोंड बंद करणे किती धोक्याचे असते हेही न सांगता समजते.

खरी गोम पुढे आहे. पाणी बाहेर जाताना बोट पुढे ढकलली जाते, हे न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने मुले लगेच सांगतात. पण तेवढेच पाणी परत आतही येते. मग ते बोटीला तेवढेच मागे का ओढत नाही? इथे बहुतेक वर्ग शांत होतो, आणि शिक्षकही. उत्तराची पहिली पायरी मेणबत्तीनेच दाखवता येते. फुंकर मारून ज्योत हातभर अंतरावरून विझवता येते, पण तितक्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझत नाही. बाहेर पडणारा झोत एका दिशेने जातो. आत ओढलेली हवा किंवा पाणी नळीच्या तोंडाभोवतीच्या सगळ्या दिशांनी गोळा होते. दुसरी पायरी अशी की आत शिरताना पाण्याला मिळालेला संवेग ते नळीत आणि वेटोळ्यात अडल्यावर बोटीलाच परत देते, त्यामुळे आत घेतानाची ओढ आणि आतून बसणारा धक्का जवळपास फिटतात. ताळेबंदात उरतो तो बाहेर फेकलेल्या झोताचा धक्का. फिनी आणि कर्ल यांनी १९६३ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये या बोटीवर शोधनिबंध लिहिला तो याच मुद्द्यासाठी. बागेत पाणी शिंपडणारा फवारा पाण्यात बुडवून उलटा चालवला, म्हणजे त्यातून पाणी बाहेर न टाकता आत ओढले, तर तो कोणत्या बाजूला फिरेल, हा प्रश्नही याच घराण्यातला. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी प्रिन्स्टनला विद्यार्थी असताना तो प्रयोगाने सोडवण्याचा प्रयत्न केला. दाब वाढवताना काचेची मोठी बाटली फुटली आणि प्रयोगशाळाभर पाणी झाले. २०२४ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी असा फवारा उलट दिशेने, पण सुमारे पन्नास पट हळू फिरतो, असे मोजून दाखवले. आठवीच्या मुलाने विचारलेली शंका व्यावसायिक संशोधकांपर्यंत सरळ जाऊन पोहोचते, असे शालेय प्रयोग फार थोडे आहेत.

आता बांधणी. वेटोळ्यासाठी बाहेरून ३ मिलिमीटर व्यासाची तांब्याची नळी लागते. फ्रीज आणि एसी दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानात ती सुटी मिळते. ३५ ते ४० सेंटीमीटर लांबीचा तुकडा घ्यायचा, त्याचा मधला भाग पेन्सिलीवर किंवा जाड मार्करवर गुंडाळून दोन-तीन वेढे घ्यायचे आणि दोन्ही टोके समांतर ठेवून मागे वाकवायची. नळी घाईने वाकवली तर ती चेपते आणि आतला रस्ता बंद होतो. त्यावर दोन उपाय आहेत. नळीत बारीक कोरडी रेती किंवा मीठ ठासून मग वाकवायची, किंवा आधी ती लाल होईपर्यंत तापवून गार करून घ्यायची. तापवलेले तांबे मऊ पडते आणि वाकवता वाकवता पुन्हा कडक होते, हे मुलांच्या बोटांनाच कळते. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर भांडे ठोकताना मध्येच ते भट्टीत का घालतात आणि शेवटचे मठारकाम भांड्याला बळकटी का देते, याचे उत्तर याच अनुभवात आहे. धातुविज्ञानाचा हा धडा पुस्तकातून देण्यापेक्षा असा दिलेला बरा.

डबीची बोट करायची तर शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनचा पत्रा वापरतात. पत्र्याचा आयत मधोमध दुमडायचा, कडा दोनदा मुडपून दाबायच्या, उघड्या बाजूने दोन नळ्या आत सरकवायच्या आणि सांधे एम-सील किंवा अरल्डाइटने भरायचे. आचेपाशी हे भरण टिकत नाही, म्हणून सांधा ज्योतीपासून शक्य तितका दूर ठेवावा लागतो. नळ्यांसाठी पूर्वी शीतपेयाच्या स्ट्रॉ वापरत. २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवर देशभर बंदी आली आणि तीत स्ट्रॉही गेल्या. कागदाची स्ट्रॉ भिजून मऊ पडते, तेव्हा डबीच्या तोंडाला पातळ धातूची नळी आणि पुढच्या गार भागात सलाईनची पारदर्शक नळी हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग. पारदर्शक नळीचा मोठा फायदा असा की पाण्याचा स्तंभ पुढे-मागे धावताना डोळ्यांना दिसतो. मोबाइलवर संथ गतीचे चित्रण केले तर सेकंदाला किती ठोके पडतात तेही मोजता येते.

बोटीच्या अंगासाठी फळांच्या रसाचा एक लिटरचा टेट्रापॅक उभा अर्धा कापला की काम भागते. थर्माकोल मात्र नको, ते आचेने वितळते. अशा टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याची परंपरा महाराष्ट्राला अरविंद गुप्ता यांच्यामुळे चांगलीच परिचित आहे. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे अशी खेळणी करून मुलांच्या हाती दिली, आणि टेट्रापॅकची वाफेची बोटही त्यांच्या संग्रहात आहे. त्याआधी, १९७२ साली मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने सरकारी शाळांतल्या मुलांच्या हाती प्रयोग दिले होते. गुप्तांची वाट तिथूनच निघाली.

तरंगण्याचा हिशेब बोट पाण्यात सोडण्याआधी करायला लावावा. तळ २० सेंटीमीटर लांब आणि ९ सेंटीमीटर रुंद असेल तर त्याचे क्षेत्रफळ १८० चौरस सेंटीमीटर. म्हणजे मेणबत्तीसह बोटीचे वजन १८० ग्रॅम भरले तर ती एक सेंटीमीटर बुडेल, ९० ग्रॅम भरले तर अर्धा. मुलांनी आधी आकडा लिहायचा, मग बोट सोडून पट्टीने मोजायचे. आर्किमिडीजचे तत्त्व इथे परीक्षेच्या उत्तरातून बाहेर येते. मेणबत्ती उंच ठेवली की बोट कलंडते आणि एका कडेला सरकवली की वळते, हेही मग कोणाला सांगावे लागत नाही.

आणि तरीही बोट चालत नाही. खरा अभ्यास इथून सुरू होतो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर वाफेचा सगळा जोर त्या हवेला दाबण्यात जातो. उपाय म्हणजे बिनसुईच्या सिरिंजने एका तोंडातून पाणी सोडत राहायचे आणि ते दुसऱ्या तोंडातून सलग वाहू लागेपर्यंत थांबायचे नाही. डबीचा सांधा गळत असेल तर दाब टिकत नाही. डबी पाण्यात बुडवून नळीतून फुंकले की बुडबुडे गळतीची जागा दाखवतात, सायकलच्या दुकानात पंक्चर शोधतात तसेच. वेटोळे ज्योतीच्या खूप वर असले तर आच पुरत नाही, ज्योतीत फार खाली बसले तर त्यावर काजळी धरते. नळ्यांची तोंडे पाण्याबाहेर असली तर आत परतते ती हवा, आणि इंजिन गप्प होते. दोन नळ्या एका रेषेत नसल्या की बोट जागीच गिरक्या घेते. यातला प्रत्येक दोष निदान मागतो. निदानासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळे तसेच ठेवायचे आणि काय झाले ते वहीत लिहायचे. वैज्ञानिक पद्धतीची व्याख्या पाठ करून घेण्यात जो वेळ जातो, तो या वहीत घालवला तर जास्त उपयोगी पडतो.

बोट चालू लागली की मोजणी सुरू करायची. एक मीटर अंतर कापायला किती सेकंद लागतात? दोन वेढ्यांऐवजी तीन घेतले तर? नळ्या आखूड केल्या तर? दोन वाती लावल्या तर? शेवटच्या प्रश्नात गंमत आहे. दुप्पट आचेने वेग दुप्पट होईल असे मुले गृहीत धरतात, आणि तसे होत नाही. पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे दुप्पट वेगासाठी सुमारे चौपट जोर लागतो. आलेखाची रेषा सरळ न येता वाकते. का वाकते, हा प्रश्न मग मुलेच विचारतात.

ऊर्जेचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. साधी मेणबत्ती तासाला ६ ग्रॅमच्या आसपास मेण जाळते आणि एका ग्रॅम मेणातून सुमारे ४२ किलोज्यूल उष्णता मिळते, म्हणजे सेकंदाला साधारण ७० ज्यूल. शंभर ग्रॅमची बोट सेकंदाला १० सेंटीमीटर वेगाने चालत असेल तर तिची गतिज ऊर्जा भरते ०.०००५ ज्यूल. एका सेकंदाची आच या ऊर्जेच्या एक लाख चाळीस हजार पट आहे. पाण्याचा विरोध सतत तोडावा लागतो हे धरले तरी जवळजवळ सगळी उष्णता हवेत आणि टबातल्या पाण्यात जाते. प्रत्येक ठोक्याला परत येणारे गार पाणी तापलेली जागाच पुन्हा पुन्हा गार करते, हा या बोटीचा दोष. न्यूकोमेनच्या १७१२ सालच्या वाफेच्या इंजिनाचा दोषही हाच होता, आणि जेम्स वॉटने १७६५ मध्ये संघननासाठी वेगळे भांडे सुचवून तो काढला. बोट करून पाहिलेल्या मुलाला वॉटने काय केले हे एका वाक्यात समजते. न केलेल्याला ते पाठ करावे लागते.

लहान यंत्र करून मोठ्याकडे जाण्याची वाट मुंबईलाही अनोळखी नाही. मुंबईच्या गोदीतल्या वाडिया घराण्यातील अर्देशीर खरशेटजी यांनी तरुणपणी स्वतः छोटे वाफेचे इंजिन बांधले होते. पुढे १८३३ साली त्यांची ‘इंडस’ ही आगबोट पाण्यात उतरली आणि १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले.

सुरक्षिततेच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांत तडजोड नको. नळ्यांची तोंडे कधीही बुजवायची नाहीत. दोन्ही उघडी असतात म्हणूनच हे इंजिन मुलांच्या हाती देता येते. पाणी भरल्याशिवाय वात पेटवायची नाही, कारण कोरडी डबी भराभर तापते आणि विकतच्या पत्र्याच्या बोटीचा डाख वितळून ती कायमची निकामी होते. सुरू होताना नळीतून गरम पाण्याचे थेंब उडतात, तेव्हा मागून वाकून पाहायचे नाही. कॅनचा पत्रा ब्लेडसारखा कापतो. त्याच्या कडा कापल्याबरोबर पॉलिश पेपरने घासून घ्यायच्या. स्पिरिटचा दिवा टाळावा, उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. नळी लाल तापवण्याचे काम शिक्षकांनी करावे. तेवढे एकच.

बाकीचे सगळे मुलांनीच करायचे, आणि त्याला वेळ लागतो: बांधणीला दोन-तीन तासिका, दुरुस्तीला तेवढ्याच, मोजणीला आणि आलेखाला आणखी दोन. विज्ञान प्रदर्शनात मांडण्यासाठी शिक्षकाने किंवा पालकाने रात्रीतून करून दिलेली आणि रंगवून सजवलेली बोट मुलाला काहीच शिकवत नाही. ज्या शाळेला या सहा ते आठ तासिका देता येत नसतील, तिने हा प्रयोग न करता जत्रेतली तयार बोट आणून मुलांना पाहू द्यावी.